नांगराचा फाळ आणि ड्रॅगनचं अंडं

ड्रॅगन म्हातारा केव्हा होतो, या प्रश्नाचं नेमकं, छापील उत्तर फार थोड्या पुस्तकांत मिळतं. ती पुस्तकं म्हणजे सोंग घेऊन खेळायच्या खेळांची नियमपुस्तकं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या खेळांचा मूळपुरुष. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेत तो छापून बाहेर पडला. पाच-सहा जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर अशी सोंगं घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात आणि ते साधलं की फसलं हे फासे ठरवतात. आपल्या सोंगी भारुडाला एक जाडजूड नियमपुस्तक आणि वीस बाजूंचा फासा जोडला तर जे होईल, तसं काहीसं.

बीड जिल्ह्यात बसून या खेळावर संशोधनपर लेख कशाला, असं वाचक विचारतील. माझा विषय नाग हा आहे. नागाच्या कहाण्या, नागाविषयीच्या समजुती आणि शेतातला खरा नाग यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मी गेली बरीच वर्षं माझ्या परीने शोधतो आहे. पुण्यात शिकणारा माझा भाचा दर शनिवारी हा खेळ खेळतो. त्याने मला ही पुस्तकं आणून दिली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती वाचली. २०२३ च्या जानेवारीत खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने खुल्या परवान्याखाली मोफत दिले, त्यामुळे माझं काम सोपं झालं. वाचताना मला सारखी आपली नागपंचमीची कहाणी आठवत राहिली. ती का, हेच या लेखात सांगायचं आहे.

आधी वयाचा हिशोब पाहू. १९७७ च्या राक्षस-कोशात ड्रॅगनच्या वयाच्या आठ पायऱ्या आहेत. पाच वर्षांपर्यंत तो अगदी लहान, पंधरापर्यंत लहान, मग टप्प्याटप्प्याने चढत एक्कावन्न ते शंभर प्रौढ, एकशे एक ते दोनशे म्हातारा, आणि चारशेच्या पुढे प्राचीन. पुढे तिसऱ्या आवृत्तीत या पायऱ्या बारा झाल्या आणि शेवटची पायरी बाराशे वर्षांपलीकडे गेली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत काटछाट होऊन चारच उरल्या: पिल्लू, तरुण, प्रौढ, प्राचीन. यातली प्रौढ पायरी एकशे एकपासून थेट आठशे वर्षांपर्यंत पसरलेली आहे.

या पायऱ्या कशासाठी आहेत, हे १९७७ च्या नियमात उघड दिसतं. प्राणी किती घाव सोसून मरेल तो आकडा म्हणजे त्याचे 'हिट पॉइंट'. इतर राक्षसांच्या बाबतीत तो आकडा फासे टाकून काढायचा. ड्रॅगनच्या बाबतीत फासे टाकायचे नाहीत. वयाची पायरी कितवी, तो आकडा दर फाशामागे धरायचा. दहा फाशांचा तांबडा ड्रॅगन पहिल्या पायरीवर दहा घावांचा, आठव्या पायरीवर ऐंशी घावांचा. पाचव्या आवृत्तीत हिशोब बदलला, दिशा तीच राहिली. तांबड्याच्या पिल्लाचे सरासरी ७५ हिट पॉइंट, तरुणाचे १७८, प्रौढाचे २५६ आणि प्राचीनाचे ५४६. वय वाढलं की ताकद वाढते, अक्कल वाढते, जादू वाढते, साठवलेलं सोनं वाढतं. उताराला या तक्त्यात जागाच नाही.

नेकनूरच्या बैलबाजारात जनावराचं तोंड उघडून दात पाहतात. अदत, दुदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेला. ही देखील वयाची शिडीच आहे आणि तिच्यावरूनच भाव ठरतो. पण जुळल्यानंतर काही वर्षांनी भाव उतरायला लागतो, कारण बैल खरा आहे, तो थकतो. ड्रॅगनची शिडी फक्त वर जाते. आणि ड्रॅगनलाही भाव आहे बरं का! १९७४ च्या मूळ पुस्तकात सांगितलं आहे की ड्रॅगनला न मारता नमवता येतं आणि नमवलेला ड्रॅगन बाजारात विकता येतो. दर हिट पॉइंटमागे पाचशे ते हजार सोन्याची नाणी. वयावरून घाव, घावांवरून किंमत. जीवनचक्र असं ज्याला म्हणतात ते इथे शिकाऱ्याच्या बाजूने लिहिलं गेलं आहे. ड्रॅगनला स्वतःला दोनशे वर्षांचं होणं म्हणजे काय वाटत असेल, हा प्रश्न तक्त्याला पडत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वयाबरोबर सर्पाचं सामर्थ्य वाढत जातं ही कल्पना गायगॅक्सच्या डोक्यातून निघालेली नाही. चिनी परंपरेत पाण्यातला साप पाचशे वर्षांनी एक रूप घेतो, हजार वर्षांनी ड्रॅगन होतो, पुढे त्याला शिंगं आणि पंख फुटतात. आपल्याकडेही नाग शंभर वर्षांचा झाला की त्याला मिशा फुटतात, डोक्यात मणी येतो, तो हवं ते रूप घेतो असं गावोगाव सांगतात. खरा नाग शंभर वर्षं तर सोडाच, त्याच्या चौथाईलाही क्वचित पोचतो. पण समजुतीतला म्हातारा नाग काय करतो पाहा. तो पुरलेल्या धनावर बसतो. ते धन त्याचं नसतं, कुणा पूर्वजाचं असतं आणि योग्य माणूस येईपर्यंत ते राखणं हे त्याच्याकडे आलेलं काम असतं. वयाने त्याच्यावर जबाबदारी येते. नियमपुस्तकातला ड्रॅगनही सोन्यावर बसतो, पण ते त्याने लुटून आणलेलं असतं आणि पुढे ते खेळाडूंनी लुटायचं असतं.

सर्पाच्या खऱ्या जीवनचक्रात जी सगळ्यात ठळक गोष्ट, ती म्हणजे कात. मराठीत 'कात टाकणे' हा वाक्प्रचारच झाला आहे. पंचविंश ब्राह्मणात सर्पांनी सत्र करून मृत्यूला जिंकलं आणि म्हणून ते जुनी कातडी मागे टाकून जातात अशी कथा आहे. म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथाने सापाचं वय शिडीसारखं मोजलं नाही, फेऱ्यासारखं पाहिलं. खेळाच्या शिडीत कातीला काही काम नाही, कारण कात टाकल्याने घाव सोसण्याचा आकडा वाढत नाही.

आता अंड्याकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

अंड्याला वयाची पायरी नाही. ते लढत नाही, म्हणून त्याचे आकडे देण्याचं कारण नाही. मग नियमपुस्तकाला अंड्याविषयी दोनच गोष्टी सुचतात. एक, ते कसं उबवायचं. २००३ साली आलेल्या 'ड्रॅकोनॉमिकॉन' या ड्रॅगनांवरच्या स्वतंत्र पुस्तकात ही माहिती बारकाईने दिली आहे. तांबड्याचं अंडं आगीत, पांढऱ्याचं बर्फात, असं प्रत्येक रंगाचं वेगळं. ही मांडणी मला आवडली. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंगाचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते, हे ज्याने वाचलं आहे त्याला त्यात निसर्गाची थोडी जाण दिसेल. दुसरी गोष्ट म्हणजे किंमत. गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला ग्रिफन घ्या. तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या अंड्याला ३,५०० सोन्याची नाणी आणि पिल्लाला ७,००० असा बाजारभाव छापलेला आहे. अंडं म्हणजे एक तर लूट, नाही तर पुढे मोठं होऊन आपल्या बाजूने लढणारं हत्यार. 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेल्यांना ती भेट आलेली तीन अंडी आणि ती चिता आठवेल. तिथेही अंडी फुटतात ती राणीचं सैन्य होण्यासाठी.

भाचा मला म्हणाला, "मामा, ड्रॅगन मारताना आमच्यात कधी वाद होत नाही. अंडं सापडलं की मात्र तासभर भांडण." एकाला ते विकायचं असतं, एकाला पाळायचं असतं, एकाला फोडायचं असतं आणि एखादा म्हणतो, ठेवा ते जिथल्या तिथे. मी त्याला विचारलं, पुस्तक काय सांगतं? "पुस्तक काही नाही सांगत. तिथे सूत्रधार हात वर करतो."

भाच्याच्या या उत्तरावरच माझी टीका उभी आहे. पन्नास वर्षं पायऱ्या मोजणाऱ्या, भाव ठरवणाऱ्या, उबवायचं तापमान सांगणाऱ्या नियमांनी बरोबर त्या ठिकाणी तोंड मिटलं आहे जिथे खेळाडूंना नियमाची गरज वाटते. या खेळाच्या परंपरेत एकाच मोठ्या कथेने अंड्याचा प्रश्न खरोखर हाताळला, ती म्हणजे १९८४ पासून आलेली 'ड्रॅगनलान्स' ही मालिका. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या आणि त्याच कथेवरचे खेळ. त्यात दुष्ट ड्रॅगन चांगल्या ड्रॅगनांची अंडी चोरून ओलीस ठेवतात. अंडी सुखरूप राहावीत म्हणून चांगले ड्रॅगन युद्धात न पडण्याची शपथ घेतात. आणि इकडे त्याच अंड्यांवर काळी जादू करून त्यांतून शत्रूचे सैनिक काढले जात असतात. शपथ पाळणारे आईबाप आणि आपल्याच लेकरांशी लढायची वेळ. इथे पहिल्यांदा अंड्याला आईबाप आहेत हे खेळाला आठवलं. पण ही कथा झाली. नियमांच्या पुस्तकात ती आठवण उतरली नाही.

आपल्याकडे ती नियमात उतरलेली आहे. श्रावणात घरोघर वाचली जाणारी नागपंचमीची कहाणी सर्वांना माहीत असते, तरी तिच्यातला क्रम इथे मांडतो. एका शेतकऱ्याच्या शेतात वारूळ होतं. नांगरताना फाळ वारुळात गेला आणि नागाची पिल्लं मेली. नागीण आली, पिल्लं मेलेली पाहिली, नांगर रक्ताने माखलेला पाहिला. ती शेतकऱ्याच्या घरी जाऊन सगळ्यांना डसली. मग तिला कळलं की एक लेक परगावी नांदते आहे, तेव्हा ती तिकडेही निघाली. लेकीने पाटावर नाग-नागीण काढून पूजा मांडली होती, दूध-लाह्या ठेवल्या होत्या. नागीण दूध प्याली, शांत झाली आणि तिने लेकीला आपण कशासाठी आलो ते सांगितलं. लेकीने माहेरच्यांसाठी विनवणी केली. नागिणीने अमृत दिलं, माहेर जिवंत झालं.

ही कहाणी म्हणजे भाबड्या बायकांची नागपूजा, असं आमच्या पिढीतल्या सुधारक मंडळींनी म्हटलं. मी ती सापांच्या जीवनचक्राशेजारी ठेवून वाचतो. नागीण साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालते. कधी उंदराच्या बिळात, कधी वारुळात, दहा ते तीस. ती फुटायला सात ते दहा आठवडे लागतात. म्हणजे नागपंचमी येते ती बरोबर पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत. कहाणीत फाळाखाली अंडी येत नाहीत, पिल्लं येतात, हे मला योगायोग वाटत नाही. ज्या समाजाने ही कहाणी रचली त्याला आपल्या शेतात कोणत्या महिन्यात काय जन्मतं हे ठाऊक होतं, असं माझं मत आहे. (घोणस अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देते. तिची कहाणी नाही. डसण्यात ती नागाला हार जाणारी नाही, पण लोककथेने फणा नसलेल्याला भाव दिलेला नाही.) नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच त्याच्याकडे विष असतं, हेही शेतकऱ्याला ठाऊक असणारच. तरी कहाणी पिल्लाला धोका म्हणत नाही, पिल्लू म्हणते.

कहाणीत नागिणीचं वय किती, ती किती घावांनी मरेल, तिचं विष किती जणांना पुरेल, यातलं काही नाही. तिच्याविषयी एवढंच कळतं की ती आई आहे आणि तिचा हिशोब बाकी आहे. ड्रॅगनच्या तक्त्यात सगळं आहे, नेमकं हे नाही.

अंडं आणि वाट पाहणं यांची आपल्याकडची सर्वांत मोठी कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कश्यपाच्या दोन बायका. कद्रूने हजार नाग मागितले, विनतेने दोनच मुलगे, पण कद्रूच्या मुलांहून बलवान. अंडी उबदार भांड्यांत पाचशे वर्षं ठेवली. कद्रूची फुटली. विनतेला धीर धरवेना. तिने एक अंडं फोडलं. आत वरचं शरीर घडलेलं आणि खालचं अपुरं असा अरुण निघाला. खेळाच्या पुस्तकात उबवण्याची अट मोडली की अंडं वाया जातं, विषय संपतो. इथे अर्धवट घडलेला मुलगा बोलतो. आईला शाप देतो की तू पाचशे वर्षं सवतीची दासी होशील, आणि त्याच दमात उपायही सांगतो की दुसरं अंडं फोडू नकोस, आणखी पाचशे वर्षं थांब. त्या दुसऱ्या अंड्यातून गरुड येतो. उबवण्याचा नियम हा वागणुकीचा नियम झाला तो असा.

कद्रूचं पुढे काय झालं ते अधिक भयंकर आहे. पैजेत लबाडी करायला नकार देणाऱ्या आपल्याच मुलांना तिने जनमेजयाच्या सर्पसत्रात जळून जाल असा शाप दिला. ते सर्पसत्र म्हणजे ज्याला खेळात मोहीम म्हणतात तेच. एकट्या तक्षकाच्या अपराधासाठी सगळ्या जातीचा संहार. त्याच पर्वात आधी रुरूची गोष्ट येते. बायकोला साप चावला म्हणून तो दिसेल त्या सापावर काठी उगारतो. एक डुंडुभ, म्हणजे आपल्या दिवडासारखा बिनविषारी पाणसाप, त्याला अडवून विचारतो की मी तुझं काय केलं? हा प्रश्न खेळातल्या राक्षसाला विचारता येत नाही, कारण त्याच्या नावापुढे आधीच घावांचा आकडा लिहिलेला असतो. सर्पसत्र थांबवणारा आस्तिक हा नागकन्येच्या पोटचा मुलगा. महाभारत सापांना निर्दोष म्हणत नाही. ते फक्त संहाराच्या मधोमध एक मूल आणून उभं करतं.

खरोखरीच्या 'ड्रॅगनच्या अंड्यांचं' काय होतं याचंही एक उदाहरण जवळचं आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात डायनासोरची अंडी विपुल सापडतात. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातही त्या काळचे थर उघडे आहेत. बीडमध्ये मात्र वर आहे तो आपला काळा कातळच. त्याच धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक शेतात सापडलेले गोल दगड काकड भैरव म्हणून पूजत आले होते. शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा देव. अभ्यासकांनी ते दगड पाहिले आणि ती डायनासोरची अंडी निघाली, अशी बातमी २०२३ च्या डिसेंबरात देशभर गाजली. बातम्यांचा सूर गावकऱ्यांना हसण्याचा होता. मला त्यांचं वागणं नियमपुस्तकापेक्षा शहाणपणाचं वाटलं. गोल, जड, अनोळखी वस्तू नांगराला लागली, तर त्यांनी ती ना फोडली ना विकली. बांधावर ठेवली.

देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही येतं. अंडं मोडणं म्हणजे शिकार. आमच्या भागात उसाचं पाचट उचलताना, जुनी कडब्याची गंज हलवताना अंडी निघतात. शिरूर कासार तालुक्यात तागडगावचं सर्पराज्ञी हे वन्यजीव केंद्र आहे, सर्पमित्र आहेत, पण फोन करण्याआधी फावडं चालतं हे मी पाहिलं आहे. याला मी क्रूरपणा म्हणणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या ज्या घराने रात्री पालात सापाने माणूस गमावला आहे, त्याला नागिणीच्या बाजूने विचार करायला सांगणं सोपं नाही. कहाणीनेही ते सोपं केलेलं नाही. तिच्यात शेतकऱ्याची लेकरं मरतात, आणि त्यांचा काय गुन्हा, याचं उत्तर ती देत नाही. लेक वाचते ती पूजेमुळे, न्यायामुळे नाही. ही त्या कहाणीची मला सलणारी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

पण शेवटी ती एक गोष्ट करते जी पन्नास वर्षांच्या नियमपुस्तकांना जमली नाही. जिवंत झालेला बाप लेकीला विचारतो, हे व्रत कसं करायचं? लेक सगळा विधी सांगते आणि मग म्हणते की एवढं काही जमलं नाही तर निदान त्या दिवशी जमीन खणू नये, भाजी चिरू नये, तव्यावर काही शिजवू नये. वर्षातला एक दिवस, पिल्लं बाहेर पडण्याच्या मोसमातला. आमच्याकडे अजून त्या दिवशी औत धरत नाहीत. ट्रॅक्टर मात्र कुठेकुठे चालताना दिसतो.

भाच्याला मी सांगितलं की पुढच्या खेपेला तू सूत्रधार झालास तर अंड्याचा भाव सांगू नकोस. अंडं सापडल्यावर रात्र पडू दे आणि त्याची आई खेळाडूंच्या मागावर त्यांच्या गावी, त्यांच्या परगावी नांदणाऱ्या बहिणीच्या दारी पोचू दे. बहिणीचं सोंग कुणी घ्यायचं, यावर तो विचार करतो आहे.